तीन आणे की पंधरा आणे? : संसदेतील प्रश्न आणि उत्तरदायित्वाचे अर्थशास्त्र

ऑगस्ट १९६३ मध्ये लोकसभेत दोन आकडे समोरासमोर उभे ठाकले. विरोधी बाकावरून डॉ. राममनोहर लोहिया यांनी असे प्रतिपादन केले की, देशातील साठ टक्के लोक, म्हणजे सुमारे २७ कोटी माणसे, दररोज अवघ्या तीन आण्यांवर गुजराण करीत आहेत. पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी नियोजन आयोगाच्या आकडेवारीचा आधार घेऊन उत्तर दिले की, दरडोई दैनिक उत्पन्न पंधरा आण्यांच्या घरात आहे. एकाच देशातील माणसाच्या रोजच्या मिळकतीविषयी सभागृहात मांडलेल्या या दोन आकड्यांत पाचपटीचा फरक होता.

अर्थशास्त्राच्या वर्गात हा प्रसंग सांगितला की विद्यार्थ्यांची पहिली पृच्छा ठरलेली असते : या दोघांपैकी खरे कोण बोलत होते? पृच्छा स्वाभाविक आहे. परंतु तिचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. ते शोधताना सरासरी म्हणजे काय, वाटप म्हणजे काय आणि दारिद्र्याचे मोजमाप कसे करतात, या गोष्टी समजून घ्याव्या लागतात. त्याचबरोबर, विरोधी सदस्याने मंत्र्याला प्रश्न विचारण्याची व्यवस्था संसदीय लोकशाहीत का असते, हेही उलगडत जाते. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांचा एकत्रित विचार केला आहे.

प्रसंगाची पार्श्वभूमी

१९६२ च्या चीन युद्धातील पराभवानंतर देशात अस्वस्थता होती. मे १९६३ मधील पोटनिवडणुकांत आचार्य जे. बी. कृपलानी, मिनू मसानी आणि डॉ. लोहिया हे तीन विरोधी नेते लोकसभेवर निवडून आले. लोहिया यांचा मतदारसंघ होता उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद. ऑगस्टमध्ये कृपलानींनी नेहरू मंत्रिमंडळाविरुद्ध अविश्वासाचा प्रस्ताव मांडला. लोकसभेच्या इतिहासातील हा पहिलाच अविश्वास प्रस्ताव. चार दिवसांच्या चर्चेनंतर २२ ऑगस्ट रोजी तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला.

मतांचे हे गणित पहिल्या दिवसापासूनच सर्वांना ठाऊक होते. सरकार पडणार नव्हते. मग या प्रस्तावाचा उपयोग काय? राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ (३) नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. या जबाबदारीचे शेवटचे टोक म्हणजे मतदान. परंतु तिचा रोजचा व्यवहार चालतो तो प्रश्न आणि उत्तरे यांच्या द्वारे. ज्या विरोधी पक्षाकडे सरकार बदलण्याइतके संख्याबळ नाही, त्याच्याकडेही सरकारला उत्तर देण्यास भाग पाडण्याचा अधिकार असतो. लोहियांनी त्या अधिकाराचा वापर केला. त्या वेळी लोकसभेत अधिकृत मान्यता असलेला विरोधी पक्षनेताही नव्हता. असा पहिला नेता १९६९ मध्ये डॉ. रामसुभग सिंह यांच्या रूपाने मिळाला आणि या पदाला कायद्याचा आधार १९७७ मध्ये प्राप्त झाला.

लोहिया स्वतः अर्थशास्त्राचे अभ्यासक होते. बर्लिन येथे मिठावरील कराच्या विषयावर त्यांनी डॉक्टरेटचे संशोधन केले होते. पंतप्रधानांवर दररोज पंचवीस हजार रुपये खर्च होतात आणि कोट्यवधी लोक तीन आण्यांवर जगतात, अशी तुलना त्यांनी मांडली. तिच्यातील राजकीय धार उघड होती. मात्र पंधरा आण्यांच्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही. या विषयावर स्वतंत्र चर्चा व्हावी असा आग्रह त्यांनी धरला आणि सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटपावर लोकसभेत चर्चा झाली.

आकड्यांचा हिशेब

आता हे आकडे तपासून पाहू. दशमान नाणेपद्धती १ एप्रिल १९५७ पासून लागू झाली असली, तरी बोलण्यात आणे टिकून होते. सोळा आण्यांचा एक रुपया. म्हणजे तीन आणे म्हणजे सुमारे १९ पैसे आणि पंधरा आणे म्हणजे सुमारे ९४ पैसे. रोजचे पंधरा आणे धरले तर वर्षाला सुमारे ३४२ रुपये होतात. त्या काळातील दरडोई राष्ट्रीय उत्पन्न चालू किमतींनुसार साधारण याच पातळीवर होते. म्हणजे पंतप्रधानांचा आकडा चुकीचा नव्हता. मात्र ती संपूर्ण देशाची सरासरी होती. उद्योगपती, जमीनदार, सरकारी नोकर, शेतमजूर आणि भिक्षेकरी अशा सर्वांची मिळकत एकत्र करून तिला लोकसंख्येने भागले की हा आकडा येतो.

लोहिया बोलत होते ते तळाच्या साठ टक्के लोकांविषयी. एका काल्पनिक उदाहरणाने हा फरक स्पष्ट होईल. दहा माणसांची मिळून रोजची मिळकत १५० आणे आहे असे समजू. सरासरी पंधरा आणे झाली. आता त्यांपैकी सहा जणांना प्रत्येकी तीन आणे मिळत असतील, तर त्यांचे एकूण अठरा आणे होतात आणि उरलेले १३२ आणे चौघांत वाटले जाऊन प्रत्येकी ३३ आणे पडतात. या उदाहरणात ‘सरासरी पंधरा आणे’ हे विधान खरे आहे आणि ‘साठ टक्के लोक तीन आण्यांवर जगतात’ हेही खरे आहे. याचाच अर्थ असा की, पंधरा आण्यांच्या उत्तराने तीन आण्यांचा प्रश्न खोडला जात नव्हता. प्रश्न वाटपाविषयी होता. उत्तर सरासरीविषयी होते.

परंतु येथेच थांबणे योग्य होणार नाही. प्रत्यक्षात तळाच्या साठ टक्के लोकांची स्थिती तीन आण्यांइतकी हलाखीची होती काय? त्या काळातील राष्ट्रीय नमुना पाहणीच्या उपभोग खर्चाच्या आकडेवारीनुसार, या साठ टक्के लोकांच्या वाट्याला एकूण उपभोगाचा तिसऱ्या हिश्शाहून फारसा अधिक भाग येत नव्हता. पंधरा आण्यांच्या सरासरीला हे प्रमाण लावले तर त्यांचा दरडोई हिस्सा आठ-नऊ आण्यांच्या आसपास येतो. सरासरी उपभोग हा सरासरी उत्पन्नापेक्षा काहीसा कमी असतो, हे ध्यानात घेतल्यास तो आणखी थोडा खाली सरकतो. दुसरीकडे, १९५६-५७ च्या दुसऱ्या शेतमजूर चौकशीत शेतमजूर कुटुंबांचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे ९९ रुपये आढळले होते. दिवसाला हे चार आण्यांपेक्षा थोडे अधिक होते. म्हणजे ग्रामीण समाजाच्या अगदी तळाशी लोहियांचा आकडा वास्तवापासून फार दूर नव्हता. परंतु संपूर्ण साठ टक्के लोकसंख्येला तो लागू करणे ही अतिशयोक्ती होती.

तर मग निष्कर्ष काय? तीन आणे हा आकडा फार खालचा होता आणि पंधरा आणे हा आकडा प्रश्नाला लागू पडणारा नव्हता. तथापि, या दोहोंपेक्षा महत्त्वाची बाब वेगळीच आहे. सात-आठ आणे हा आकडा खरा धरला तरी तो माणसाला जगण्यास पुरेसा होता काय?

पुरेसे म्हणजे किती?

या प्रश्नाचे उत्तर सरकारी कागदपत्रांतच उपलब्ध होते. १९६२ मध्ये नियोजन आयोगाशी संबंधित एका तज्ज्ञ गटाने किमान जीवनमानासाठी १९६०-६१ च्या किमतींनुसार दरडोई दरमहा २० रुपये आवश्यक मानले होते. शिक्षण आणि आरोग्य यांवरील खर्च शासन करील असे गृहीत धरून हा आकडा काढला होता. दरमहा २० रुपये म्हणजे दररोज साधारण साडेदहा आणे. देशाची सरासरी पंधरा आणे असताना तळाच्या साठ टक्के लोकांची सरासरी किमान गरजेच्याही खाली राहत होती, हे या दोन आकड्यांच्या तुलनेवरून दिसून येते. लोहियांचा आकडा सदोष असूनही त्यांचा प्रश्न बिनतोड का होता, याचे उत्तर येथे सापडते.

वाटपाचा प्रश्न सरकारलाही अपरिचित नव्हता. उत्पन्नाचे वाटप आणि जीवनमानाची पातळी यांचा अभ्यास करण्यासाठी प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली १९६० मध्येच समिती नेमली होती. तिच्या अहवालाचा पहिला भाग १९६४ मध्ये आला. लोकसभेतील चर्चेमुळे समिती नेमली गेली, असे म्हणणे काळाच्या क्रमाशी विसंगत ठरेल. मात्र तज्ज्ञांच्या टिपणांत बंदिस्त असलेला विषय त्या चर्चेने सर्वसामान्य नागरिकाच्या बोलण्यात आणला, हे निश्चित.

पुढे १९७१ मध्ये पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपला सुप्रसिद्ध अभ्यास प्रसिद्ध केला. दररोज २२५० उष्मांक देणारा आहार हा निकष धरून त्यांनी १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागासाठी दरमहा १५ रुपये आणि नागरी भागासाठी साडेबावीस रुपये अशी दारिद्र्यरेषा निश्चित केली. दरमहा १५ रुपये म्हणजे दररोज बरोबर आठ आणे. या निकषानुसार १९६०-६१ मध्ये ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के आणि नागरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यात होते. त्यानंतरच्या काळात १९७९ चा अलघ कृतिगट, १९९३ चा लकडावाला गट, २००९ ची तेंडुलकर समिती आणि २०१४ ची रंगराजन समिती यांनी मोजमापाच्या पद्धतीत वेळोवेळी बदल सुचविले. सरासरी किती, याऐवजी किमान पातळीखाली किती लोक आहेत, हा प्रश्न आता नियोजनाच्या भाषेत कायमचा रुजला आहे.

प्रश्न विचारण्याची व्यवस्था

लोहियांनी आपला मुद्दा अविश्वास प्रस्तावावरील चर्चेत मांडला. परंतु संसदेत मंत्र्यांना प्रश्न विचारण्याचा नित्याचा मार्ग म्हणजे प्रश्नोत्तराचा तास. या अधिकाराचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या विधान परिषदेत सदस्यांना प्रश्न विचारता येत नसे. १८९२ च्या कायद्याने मर्यादित स्वरूपात हा अधिकार दिला. पण उत्तरावर पूरक प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्न विचारता येऊ लागला आणि १९१९ च्या सुधारणांनंतर ही सवलत इतर सदस्यांनाही मिळाली. परकीय सत्तेने हा अधिकार थेंबाथेंबाने दिला, याचे कारण स्पष्ट आहे. एका प्रश्नाचे ठराविक उत्तर तयार ठेवता येते. त्यापुढील प्रश्नाला मात्र विषयाची माहितीच असावी लागते.

सध्याच्या व्यवस्थेत लोकसभेत बैठकीचा पहिला तास, म्हणजे सकाळी ११ ते १२, प्रश्नांसाठी राखून ठेवलेला असतो. राज्यसभेत २०१४ पासून हा तास दुपारी १२ वाजता सुरू होतो. सर्व मंत्रालयांची पाच गटांत विभागणी करून प्रत्येक गटाला आठवड्यातील एक दिवस नेमून दिलेला असतो. प्रश्नांचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

तारांकित प्रश्न : यांचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत असे २० प्रश्न असतात. वेळेअभावी त्यांपैकी मोजकेच प्रत्यक्ष पुकारले जातात. उरलेल्यांची लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात.

अतारांकित प्रश्न : यांचे उत्तर लेखी मिळते व पूरक प्रश्न विचारता येत नाहीत. लोकसभेत एका दिवशी असे २३० प्रश्न घेता येतात. जिल्हावार, वर्षवार आकडेवारी मिळविण्यासाठी हा प्रकार विशेष उपयुक्त ठरतो.

अल्पसूचना प्रश्न : सार्वजनिक महत्त्वाच्या तातडीच्या बाबीवर नेहमीच्या मुदतीपेक्षा कमी अवधीत विचारलेला प्रश्न. मंत्र्यांनी संमती दिल्यासच तो घेतला जातो.

खाजगी सदस्यांना विचारलेले प्रश्न : एखादे विधेयक, ठराव वा सभागृहाचे कामकाज यांची जबाबदारी मंत्री नसलेल्या सदस्याकडे असेल, तर त्यालाही प्रश्न विचारता येतो.

प्रश्न स्वीकारण्याचे नियमही काटेकोर आहेत. तो सामान्यतः १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. त्यात उपरोध, आरोप वा तर्क नसावेत. काल्पनिक परिस्थितीविषयी मत मागू नये. न्यायप्रविष्ट बाबीवर तो नसावा. सहज उपलब्ध कागदपत्रांत असलेली माहिती त्यात विचारू नये. उत्तर अपुरे वाटल्यास लोकसभेत अर्धा तास चर्चेची मागणी करता येते. प्रश्नोत्तराच्या तासानंतर येणारा शून्य प्रहर मात्र नियमावलीत नसलेली, प्रथेने रुळलेली बाब आहे, हे परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावे.

‘माहिती गोळा केली जात आहे’, ‘बाब विचाराधीन आहे’ अशी उत्तरे मंत्री अनेकदा देतात. अशा उत्तरांना आश्वासन मानून त्यांचा पाठपुरावा करण्यासाठी लोकसभेत १९५३ पासून आणि राज्यसभेत १९७२ पासून शासकीय आश्वासन समिती कार्यरत आहे. आश्वासनाची पूर्तता सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत होणे अपेक्षित असते. प्रश्न एका दिवसाच्या कामकाजात संपत नाही, तो या समितीच्या नोंदवहीत पुढे चालू राहतो.

प्रश्न सभागृहाचा, पक्षाचा नव्हे

प्रश्न विचारणे हे विरोधकांचेच काम, असा एक समज आहे. आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोट रुपये गुंतविले, तेव्हा लोकसभेत हा विषय लावून धरणारे फिरोझ गांधी सत्ताधारी पक्षाचेच सदस्य होते. त्यातून मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. विमाधारकांच्या पैशाचा हिशेब मागणाऱ्या प्रश्नाचा उगम कोणत्या बाकावर झाला, हे येथे गौण ठरले.

या अधिकाराला काळी बाजूही आहे. १९५१ मध्ये हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी मुंबईतील सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून आर्थिक लाभ घेऊन संसदेत त्यांच्या हिताची कामे केल्याचे समितीच्या चौकशीत निष्पन्न झाले. हकालपट्टीचा ठराव होण्यापूर्वी त्यांनी राजीनामा दिला. परंतु सभागृहाने त्यांचे वर्तन हकालपट्टीस पात्र असल्याचे नोंदविले. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात लोकसभेच्या दहा आणि राज्यसभेच्या एका सदस्याला काढून टाकण्यात आले. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई वैध ठरविली. प्रश्नाची किंमत बाजारात ठरू लागली, तर ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांचे प्रश्न सभागृहात पोहोचणार नाहीत. तीन आण्यांवर जगणाऱ्या माणसाचा प्रश्न तर मुळीच नाही.

प्रश्नोत्तराचा तास बंद राहण्याचे प्रसंगही आले आहेत. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी आणि आणीबाणीच्या काळातील अधिवेशनांत तो घेतला गेला नाही. कोविड साथीमुळे सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनातही तो वगळण्यात आला. केवळ लेखी उत्तरे देण्यात आली. अशा अपवादात्मक परिस्थितीपेक्षा नित्याचा गोंधळ अधिक चिंताजनक म्हणावा लागेल. गदारोळात हा तास वाहून जातो तेव्हा मंत्र्यांची तोंडी उत्तरातून सुटका होते आणि पूरक प्रश्नाची संधी हुकते. त्यात पहिले नुकसान प्रश्नकर्त्याचे, म्हणजे बहुधा विरोधी सदस्याचेच होते. दुसऱ्या बाजूने, प्रश्नाला बगल देणारे उत्तर मिळत राहिले तर सदस्यांचा या साधनावरील विश्वास उडतो. म्हणून हा तास सुरळीत चालविण्याची जबाबदारी दोन्ही बाकांवर आहे.

समारोप

‘तीन आणे की पंधरा आणे’ या वादातून अर्थशास्त्राच्या आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला दोन गोष्टी घेता येतील. कोणताही सरासरी आकडा समोर आला की त्याच्या मागील वाटप पाहावे, ही पहिली. दुसरी अशी की, विरोधी सदस्याचा प्रश्न मौल्यवान ठरण्यासाठी त्याचा प्रत्येक आकडा अचूकच असला पाहिजे असे नाही. माहितीचा मोठा साठा शासनाकडे असतो. प्रश्नकर्ता उपलब्ध तुकड्यांवरून अंदाज बांधतो. अंदाज चुकला असेल तर तो दुरुस्त करणे हे शासनाचे काम आहे. मात्र ही दुरुस्ती प्रश्नाला धरून असावी लागते. १९६३ मध्ये ‘तीन नव्हे, सुमारे आठ आणे, आणि गरज साडेदहा आण्यांची’ असे उत्तर देता आले असते. तसे उत्तर सरकारला अडचणीचे वाटले असते, परंतु देशाला अधिक उपयोगी पडले असते.

वर्गात खरे कोण बोलत होते असे विचारले जाते, तेव्हा मी विद्यार्थ्यांना वरील हिशेब कागदावर मांडायला सांगतो. हिशेब संपतो तेव्हा बहुतेकांच्या मनात नवी शंका उभी राहिलेली असते : आठ आण्यांवर जगणाऱ्या त्या माणसाचे पुढे काय झाले? ती शंका ज्याच्या मनात आली, त्याला संसदेतील प्रश्नाचे प्रयोजन समजले असे मानावयास हरकत नाही.